घोड्याच्या मानेपलीकडून

अलायचं वरचं कुरण
२७ जून

तालाय अका, तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, बेगिमायचा, सलाम.

आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. तुम्ही घर सोडलंत आणि पुढच्या शरदात एर्मेकशी लग्न होऊन मी या घरात आले. वडिलांनी दिलेला घोडा विकून तुम्ही गाडी घेतलीत आणि त्यांनी चारचौघांत तुमच्यावर चाबूक उगारला, एवढं आपांनी, तुमच्या आईनं, मला सांगितलं. त्याहून जास्त मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. घरचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. तोक्तोसुन किमीझचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, डबे घेऊन शहरात, ओशला जातो, तो तुम्हाला गाडीतळावर गाठून देईल. मी पत्र लिहिल्याचं आपांना सांगितलेलं नाही.

तुमच्या वडिलांना सायटिका झाली आहे. वर येताना तंबूची लोखंडी शेगडी त्यांनी एकट्यानं ट्रकवर चढवली. दुसऱ्या दिवशी उजव्या कुल्ल्यातून कळ निघाली ती मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून करंगळीपर्यंत. खोकले की वीज गेल्यासारखे थांबतात. जेवायला मांडी घालून बसता येत नाही, म्हणून पाहुणे आले की शेगडीपाशी काहीतरी शोधत असल्यासारखे उभे राहतात. यातलं उभं राहणं मी स्वतः पाहिलं आहे. कळ कुठून कुठे जाते ते आपांकडून ऐकलं आहे.

मी डॉक्टर नाही. ओशच्या वैद्यकीय विद्यालयात तीन वर्षं शिकले, हिवाळ्यात गावच्या दवाखान्यात असते. माझ्या माहेरी शाळेच्या पुढे शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे मला जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं बोलायची मला फार भीती वाटते. पण एवढं पक्कं सांगते: दोन मणक्यांमधली गादी सरकली की ती पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबते. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांत हे खूप होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. ओझं उचलायचं नाही, दिवसभर लोळायचं नाही, फार वेळ बसायचं नाही, घोड्यावर तर नाहीच. रोज थोडं थोडं पायी चालायचं.

हे मी आपांना सांगितलं, आपांनी त्यांना सांगितलं. मी पडद्याआड कणीक मळत होते, त्यामुळे उत्तर सरळ माझ्याच कानावर आलं.

"पायी? माझं घोडं मेलंय का?"

"मेलं नाही हो. पोरगी म्हणते, औषध आहे."

"सुनेला सांग, कुरणावर बाप्या माणूस पायी दिसला की लोक दोनच गोष्टी विचारतात. घोडं विकलंस की जुगारात हरलास?"

त्यांचंही खरं होतं. पहिल्या दिवशी ते ओढ्यापर्यंत पायी गेले तर तीन घोडेस्वारांनी थांबून विचारलं, "घोडं कुठं गेलं, अका? शोधू लागू का?" ते परत आले आणि आडवेच झाले.

मग मी आपांना म्हटलं, करड्या घोडीचं शिंगरू दोरीला शिकवायचं राहिलं आहे ना? शिंगरू शिकवणाऱ्याला तर पायीच चालावं लागतं. आपा माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तू दिसतेस तेवढी गरीब नाहीस." आता ते सकाळ-संध्याकाळ शिंगरू घेऊन फिरतात. कुणी काही विचारत नाही. कळ करंगळीपासून मागे सरत गुडघ्याच्या वर आली आहे, म्हणजे उतरणीला लागली आहे.

मग तुम्हाला कशाला लिहिते? तीन गोष्टींवर नजर ठेवायला आम्हाला शिकवलं आहे. पाऊल लुळं पडणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं आणि लघवी अडणं. यातलं काहीही झालं तर ती साधी सायटिका उरत नाही. मग त्याच दिवशी शहरात नेऊन ऑपरेशन करावं लागतं, उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. पाऊल मी लांबून पाहू शकते. बाकीच्या दोन गोष्टी सून सासऱ्याला विचारू शकत नाही. हे लिहितानाही माझे कान तापले आहेत. मुलगा विचारू शकतो. एर्मेक रशियात, नोवोसिबिर्स्कला आहे, तो फोनवर म्हणतो, तू शिकलेली आहेस, तू बघ. म्हणून तुम्हाला कळवून ठेवते. सध्या तसं काही नाही.

बेगिमाय


१२ जुलै

तालाय अका, सलाम.

तोक्तोसुन म्हणाला, तुम्ही पत्र घेतलंत, पाकिटावरचं अक्षर पाहिलंत आणि गाडीच्या खणात टाकलंत. "उघडलं का ते मी पाहिलं नाही, वहिनी, गिऱ्हाईक आलं." ते तिथेच असेल तर हे वाचायच्या आधी ते वाचा.

तुमचे वडील बरे होत होते. नंतर खबर आली की खिंडीपलीकडे आपले याक दुसऱ्यांच्या कळपात मिसळले आहेत. याक ओळखून वेगळे काढायला माणूस घरचाच लागतो. एर्मेक नाही. तुम्हीही नाही. टोमणा म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहिते. आपा म्हणाल्या, शेजाऱ्याला पाठवू. ते म्हणाले, "शेजारी आपले याक ओळखायला लागला तर पुढच्या वर्षी ते त्याचेच होतील." दोन दिवस ते खोगिरावर होते. परत आले तेव्हा त्यांना दोघांनी धरून उतरवलं. त्या रात्री तंबूत कुणी झोपलं नाही.

आपांनी हाडवैद्य बालताबाय यांना बोलावलं. त्यांना तुम्ही ओळखता. मेंढी कापून तिचं गरम कातडं कंबरेला गुंडाळायचं ठरलं. माझं काय मत आहे ते कुणी विचारलं नाही, पण बालताबायनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

"काय गं पोरी, तुझ्या पुस्तकात मेंढी नाही वाटतं?"

"नाही, बाबा."

"मग तुमचं पुस्तक शाकाहारी लोकांनी लिहिलंय." सगळे हसले. "थंडी शिरलीये कंबरेत. थंडी म्हणजे बायकोकडचा पाहुणा, एकदा बसला की चहावर चहा पितो. कातड्यानं तिला घाम फुटेल नि जाईल निघून."

"कातडं बांधा, बाबा. ऊब चांगलीच. फक्त पाठ दाबू नका, पाय ओढू नका."

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. सुनेनं वैद्याला सांगायचं म्हणजे काय! पण ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "नाही ओढत. कातड्यानं आजवर कुणी मेलं नाही." आणि खरंच त्यांनी हात लावला नाही. तुमचे वडील रात्रभर कातड्यात पडून राहिले. दात आवळून होते, पण आवाज काढला नाही. मी बाहेर शेण्या घालून चहा गरम ठेवत होते.

मी आपांना त्या दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोक्याच्या रुमालाआड हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "अगं, तीस वर्षं संसार केला, चार पोरं झाली, दोन जगली. असं कधी मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी मला विचारलं नाही. बाळंतपणातही नाही." मी म्हटलं, "आता विचारा, आपा." त्या म्हणाल्या, "बघू."

मी जास्त घाबरते असं एर्मेक नेहमी म्हणतो. तसंही असेल. तुम्ही एकदा वर येऊन गेलात तर बरं होईल. ते तुमच्याबद्दल काय म्हणतात ते मी लिहीत नाही, कारण ते काहीच म्हणत नाहीत.

बेगिमाय


२० जुलै

तालाय अका,

तुमच्या वडिलांचं दुखणं थांबलं आहे.

परवा सकाळी उठले आणि म्हणाले, कळ नाही. खोकून पाहिलं, कळ नाही. आपा रडल्या. काल आणखी एक मेंढी कापली, चारी तंबूंतली माणसं जेवायला आली, बालताबायना मानाचा वाटा मिळाला. त्यांनी हाडावरचं मांस काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "खा, डॉक्टरीणबाई. तुमच्या पुस्तकाला द्या यातलं थोडं." मीही हसले. मलाही हसायचंच होतं. मी चार वेळा स्वतःला सांगितलं, कळ गेली म्हणजे नस सुटली, आनंद कर.

पण मी जे पाहिलं ते लिहिते. त्यावरून निष्कर्ष काढायला मला भीती वाटते, म्हणून आधी फक्त पाहिलेलं.

आत येताना त्यांचा उजवा बूट उंबऱ्याला लागला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. आपांनी पटकन जमिनीला हात लावून कपाळाला लावला, कारण उंबऱ्याला पाय लागणं वाईट. सगळ्यांनी तो अपशकुन धरला आणि कुणी बुटाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. टाच आधी टेकून मग पंजा टेकतो ना, तसं होत नाही. पंजा आधी पडतो, फटकन. ओला बूट कुणी खाली टाकावा तसा.

दुसरं. जेवणानंतर ते घोड्यावर बसले, सगळ्यांना दाखवायला. जरा फिरून आले आणि खोगिरं करणाऱ्या मामितवर चिडले. मामितनं वसंतात त्यांच्या खोगिरात लोकरीचा नवा नमदा भरला आहे.

"काय भरलंस रे आत? वारा?"

"अका, तुमच्यासमोर भरला. तीन पदर."

"खाली काही लागतच नाही. खोगीर आहे की नाही कळत नाही."

मामितनं दुसरं खोगीर आणलं, स्वतःच्या थोरल्या भावाचं. ते बसले, उतरले. "हेही तसलंच." मग तिसरं आणलं, बिन-नमद्याचं, लाकूड उघडं पडलेलं, ज्यावर पोरंसुद्धा बसत नाहीत. त्यावर ते आरामात बसले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे बरं आहे. टोचत नाही." लोक म्हणाले, वाघ आहे, लाकडावर बसतो! मामित बिचारा खोगीर काखेत मारून गेला. आता त्याच्या हातचं काम बिघडलं अशी बोलवा होईल.

अका, मामितचं काम बिघडलेलं नाही. तीन खोगिरं एकाच दिवशी बिघडत नाहीत. मी भांडी घासत होते, हातातला वाडगा पाण्यात सुटला. खोगीर जिथे लागतं तिथेच तुमच्या वडिलांना काही जाणवत नाही. त्यांची कळ बरी होऊन गेलेली नाही. नस आता बोलायचीच थांबली आहे.

मी आपांना ओढ्यावर गाठलं आणि म्हटलं, आज विचाराच. त्या गेल्या. मी बाहेर उभी होते. आतून ऐकू आलं, "बरं आहे ना?" आणि ते म्हणाले, "बरं आहे." आपा बाहेर येऊन म्हणाल्या, "विचारलं. सगळं ठीक आहे." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मते त्यांनी विचारलं होतं.

तोक्तोसुन उद्या पहाटे निघतो. हे पत्र दुपारी तुमच्या हातात पडेल. खणात टाकू नका. लगेच निघालात तर रात्रीपर्यंत इथे पोहोचाल. माझी शंका चुकीची निघाली तर सगळ्यांसमोर मला वेड्यात काढा, मी चहा करून देईन. पण या. विचारणारं इथे कुणी नाही.

बेगिमाय


२१ जुलै, सकाळी

तालाय अका,

कालचं पत्र मी तोक्तोसुनकडे दिलं नाही. ते याच पाकिटात आहे. आणि हे पाकीट तुमच्या हातात देणारा माणूस तोक्तोसुन नाही. लिहून झालं की तुमच्या वडिलांकडेच देते, ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवतील. तोक्तोसुन इंजिन चालू करून थांबला आहे, म्हणून भराभर लिहिते.

पहाटे मी पत्र द्यायला बाहेर आले तर ते करड्या घोडीवर खोगीर चढवत होते. तोक्तोसुन डबे भरत होता. मला वाटलं, पत्र दुपारी पोहोचणार, तुम्ही रात्री येणार, तेही आलात तर. ओशला पोहोचायला उद्याचा दिवस उजाडणार. पुस्तकात लिहिलेलं मला पानासकट आठवत होतं, आणि त्यात उद्या हा शब्द नव्हता.

मी गेले आणि घोडीचा लगाम धरला.

तुम्ही या घरात वाढला आहात, म्हणून हे काय केलं ते सांगायला नको. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे पाठ केली नाही, त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नाही. ते थांबले. मी घोडीच्या या बाजूला, ते त्या बाजूला. मी जमिनीकडे बघत विचारलं. दोन्ही गोष्टी विचारल्या. आम्हाला विद्यालयात जे शब्द शिकवले तेच वापरले, कारण घरातले शब्द माझ्या तोंडातून निघाले नसते.

 मला वाटलं, आता चाबूक येईल. मग त्यांनी घोडीचं डोकं हळूच आमच्या मध्ये वळवलं, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसू नये आणि मला त्यांचा. आणि घोडीच्या मानेपलीकडून, घोडीलाच सांगावं तसं म्हणाले:

"परवापासून नीट होत नाही. थेंब थेंब. काल संध्याकाळपासून तेही नाही. पोट फुगलंय. मला वाटलं, वय."

"तुम्ही बावन्न वर्षांचे आहात."

"आणि बसायला... लाकूडच आहे खाली. माझंच." मग म्हणाले, "हे सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मातीत गेलो असतो तर बरं."

अका, पुढचं मी बोलले ते मला आधी सुचलेलं नव्हतं. मी म्हटलं, "यानं माणूस मातीत जात नाही. खाटेवर जातो. आज तुम्ही गेला नाहीत तर पाय जातील, कपडे रोज दुसऱ्यानं बदलावे लागतील. एर्मेक रशियात. आपांच्यानं तुम्हाला उचलवणार नाही. म्हणजे ते मीच करणार. आज एकदा माझ्याकडून ऐकून घ्या, नाहीतर रोज मीच बघणार."

घोडी मान हलवत होती, दोघांनीही तिला धरलेलं होतं.

त्यांनी लगाम सोडला. खोगिराचा पट्टा सोडायला लागले, तेवढ्यात आपा आल्या आणि त्यांनी सोडला. आपांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत. गादी मात्र त्यांनीच ट्रकमध्ये अंथरली, स्वतःची, लग्नातली.

चढताना त्यांनी मला विचारलं, "त्याला कळवलंस?"

"हो. दोनदा."

"काय म्हणाला?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "काही नाही."

ते म्हणाले, "माझाच आहे." आणि हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग कळलं, पाकीट मागत होते. म्हटलं, एवढं लिहून देते. आत काय लिहिलं आहे ते त्यांनी विचारलं नाही.

आता तुमचं काम. तोक्तोसुन त्यांना गाडीतळावर तुमच्याकडे आणेल. ते तुमच्या गाडीत बसणार नाहीत असं सगळे म्हणतात. बसतील. त्यांना पुढच्या आसनावर बसवू नका, मागे आडवं करा. थेट मोठ्या रुग्णालयात न्या, नसा आणि मणक्यांचे डॉक्टर असतील तिथे. वाटेत कुणी जेवायला थांबवलं तर थांबू नका, त्यांना काही खायलाही देऊ नका, ऑपरेशन असेल तर पोट रिकामं हवं. बाहेर थांबा म्हणाले तर थांबू नका. डॉक्टर विचारतील, कसं वाटतं? ते म्हणतील, ठीक. तेव्हा तुम्ही बोला. कळ नाही म्हणून सुई देऊन परत पाठवायला निघाले तर कळ नाही हेच कारण आहे असं सांगा. लघवी, बसायची जागा, उजवं पाऊल, तिन्ही सांगा. मणक्याचा फोटो आजच काढा म्हणून अडून बसा. भांडायला लागलं तर भांडा. तुम्हाला भांडता येतं असं ऐकलं आहे.

पाय पूर्ण परत येईल की नाही ते मला माहीत नाही. माहीत असतं तर लिहिलं असतं. बाकीचं वाचेल असं वाटतं, फक्त आज हवं.

दवाखान्याच्या चिठ्ठीवर मी सगळं लिहिलं आहे. वय, कधीपासून काय, कोणत्या गोळ्या दिल्या. शिक्काही मारला आहे. फक्त वरची ओळ कोरी आहे. मी दोनदा पेन टेकवलं, पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, ते माझ्या हातूनही उमटेना. ज्या बाईनं आज सकाळी एवढं विचारलं तिला हे का जमू नये, माहीत नाही. तोक्तोसुन हॉर्न वाजवतो आहे.

ते तुमच्यासमोर उभे असतील. त्यांचं नाव तुम्ही लिहा.

बेगिमाय